मळमळीवर घरच्या घरी काय करता? (आलं सोडून सांगा)

निशिगंध
मंडळी,
गेले काही आठवडे सकाळी उठल्यावर तासाभरात पोटात ढवळायला लागतं. उलटी होत नाही, पण आता होणार, आता होणार असं वाटत राहतं. तोंडाला पाणी सुटतं, कुठलाही वास नकोसा होतो, आणि दुपारपर्यंत आपोआप थांबतं. डॉक्टरांना दाखवलंय, तपासण्या झाल्या, काळजीचं काही नाही. गरोदर नाही (आधीच सांगते, म्हणजे पहिले दहा प्रतिसाद वाचतील).

गोळ्या रोज घ्यायच्या नाहीयेत, म्हणून घरगुती उपाय हवेत. अट एकच, आलं नको. मला सोसत नाही, छातीत जळजळ होते. आणि माझं मत विचाराल तर निम्मे घरगुती उपाय "जे आपोआप बरं होणारच होतं ते बरं झालं" या जातीचे असतात. तेव्हा स्वतः करून पाहिलेलं असेल तेच सांगा.

तिरकस
पहिला! आल्याचा रस आणि मध, सकाळ संध्याकाळ.
(शीर्षक नंतर वाचलं. हलके घ्या.)

मावशीआत्या
अगं, आलं सोसत नाही म्हणजे तू रसच घेत असणार, तोही रिकाम्या पोटी. नखाएवढा तुकडा मीठ लावून गालात धर, चावू नकोस. रस हळूहळू उतरतो. ते नको असेल तर लिंबाची साल नखाने खरवडायची आणि नाकाशी धरायची. लिंबू पिळून प्यायचं नाही, नुसता वास. आमच्या घरात लहानथोर सगळ्यांना याने बरं वाटतं.

प्रयोगशील
आल्याची बाजू मांडतो, कारण घरगुती उपायांत त्याच्याइतका अभ्यास दुसऱ्या कशाचाच झालेला नाही. गरोदरपणातल्या मळमळीवर बऱ्याच चाचण्या झाल्यात. त्यात साधारण दिवसाला एक ग्रॅम सुंठ, दोनतीन वेळा विभागून, असं प्रमाण वापरलं जातं. मळमळ कमी होते असं दिसतं. उलट्यांची संख्या कमी होते का, याबद्दल मात्र निकाल तितके ठाम नाहीत. त्यातले जिंजेरॉल आणि शोगाओल हे घटक आतड्यातल्या सेरोटोनिन या संदेशवाहक रसायनाच्या त्याच ग्राहींवर (रिसेप्टर) काम करतात ज्यांवर ऑन्डॅनसेट्रॉन ही उलटीवरची गोळी करते, फक्त बरंच सौम्यपणे. शिवाय पोट जरा लवकर रिकामं होतं.

आता उलट बाजू. छातीत जळजळ हा आल्याचा नेहमीचा दुष्परिणाम आहे, त्यामुळे निशिगंध म्हणतात ते बरोबरच आहे. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर सुंठीच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारूनच घ्या. आणि बाटलीतली फसफसणारी आल्याची पेयं पिऊन बरं वाटत असेल तर ते आल्यामुळे असेलच असं नाही. बऱ्याच बाटल्यांत आल्याचा नुसता स्वाद असतो.

निशिगंध
शीर्षकात कंसात लिहिलं, धाग्यात लिहिलं, तरी तीनपैकी तीन प्रतिसाद आल्यावर. मावशीआत्या, लिंबाची साल करून बघते.

चष्मिष्ट
पुदिना. पानं गरम पाण्यात टाकून पाच मिनिटं झाकून ठेवायची, मग घोट घोट प्यायचं. पोट गच्च झालं असेल तर हमखास उपयोग.

अनामवैद्य
@चष्मिष्ट, पोटात वायू धरला असेल तर ठीक. पण पुदिन्याने अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप सैल पडते, म्हणजे ज्यांना आधीच जळजळीचा त्रास आहे त्यांचं आम्ल आणखी वर येतं. धागाकर्तीला आल्याने जळजळ होते म्हणतायत, तेव्हा पुदिना पोटात नको. वास घ्यायला हरकत नाही.

मावशीआत्या
आलं नको, पुदिना नको. मग काय, हवा खायची?

प्रयोगशील
मावशीआत्या, थट्टा नाही, हवाच! इंजेक्शन देण्याआधी कातडी पुसायला जो स्पिरिटचा बोळा असतो ना, आयसोप्रोपिल अल्कोहोलचा, त्याचा वास हा मळमळीवरचा चांगला तपासलेला उपाय आहे. रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत यावर चाचण्या झाल्यात. नुसत्या खाऱ्या पाण्याच्या बोळ्यापेक्षा याने स्पष्टपणे जास्त आराम पडला. बोळ्याचं पाकीट फोडायचं, नाकाखाली दोनेक सेंटिमीटरवर धरायचं आणि नाकाने सावकाश, खोल श्वास घ्यायचा. काही मिनिटांतच फरक पडतो, पण तो फार वेळ टिकत नाही, पुन्हा हुंगावं लागतं. खोल श्वासाचा वाटा किती आणि स्पिरिटचा किती यावर वाद घालता येईल. मला आराम पडला की मी वाद घालत नाही.

तिरकस
म्हणजे बायकोने विचारलं "पुन्हा अल्कोहोल?" तर सांगायचं, वैद्यकीय चाचणी चालू आहे.

उंदीरमामा
अवांतर: उंदराला उलटी करताच येत नाही. त्यासाठी लागणारी स्नायूंची जुळणी आणि मेंदूतली यंत्रणाच त्याच्याकडे नाही. उंदराचं विष लागू पडण्यामागे हेही एक कारण आहे. मग मळमळलं तर उंदीर काय करतो? माती खातो. प्रयोगशाळेत औषधाने मळमळ होते का हे बघायचं असेल तर पिंजऱ्यात पांढऱ्या मातीच्या गोळ्या ठेवतात आणि उंदराने किती खाल्ली ते वजन करून बघतात.

तिरकस
माती खाणं हे फक्त उंदरांचं वैशिष्ट्य नाही मामा, इथे रोज कुणी ना कुणी खातं.

पहिलटकरीण
या धाग्यावर माझा हक्कच आहे :) चौथा महिना चालू आहे. मला उपयोगी पडलेलं सांगते. रात्री उशाशी कोरडी बिस्किटं ठेवायची, डोळे उघडले की उठायच्या आधी एकदोन खायची, मग दहापंधरा मिनिटं तशीच पडून राहायचं. पोट पूर्ण रिकामं होऊ द्यायचं नाही, दर दोन तासांनी मूठभर काहीतरी. जेवण गार झालं की खायचं, कारण गरम अन्नाला वास जास्त येतो. आणि जेवताना पाणी नाही, मधल्या वेळात पाणी. हे शेवटचं तर मला सगळ्यात जास्त लागू पडलं.

लोक मात्र सांगतात, मळमळ म्हणजे बाळ छान वाढतंय, सहन कर. हे ऐकून आता मळमळतं.

सावळागोंधळ
सहनच करावी, गोळ्या नकोच. थॅलिडोमाइड आठवा. तेही "अगदी सुरक्षित" म्हणूनच दिलं होतं.

अनामवैद्य
@सावळागोंधळ, थॅलिडोमाइड आठवायलाच हवं, पण पूर्ण आठवू या. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत ते झोपेचं औषध म्हणून बाजारात आलं, गरोदर बायकांना मळमळीसाठीही दिलं गेलं, आणि १९६१ च्या शेवटी तिथे मागे घेतलं गेलं. त्यामुळे जगभरात दहा हजारांहून जास्त बाळं हातापायांच्या व्यंगांसह जन्माला आली. अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी या औषध-परीक्षक बाईंनी पुरावा अपुरा आहे म्हणून परवानगी अडवून धरली, त्यामुळे तिथे ते कधी सर्रास विकलं गेलं नाही. या प्रकारानंतर गरोदरपणातल्या औषधांचे नियम कडक झाले. यातून "औषध वाईट, पाला चांगला" असं निघत नाही. न तपासलेलं देऊ नये, एवढंच निघतं. तो नियम काढ्यालाही लागू. गरोदरपणात "नैसर्गिक" म्हणून वाट्टेल ती मुळी उकळून पिणाऱ्या बायका मी बघितल्यात.

@पहिलटकरीण, मळमळ असणाऱ्या गरोदर बायकांत गर्भपाताचं प्रमाण कमी दिसतं हे खरं आहे, पण म्हणून सोसत बसायचं कारण नाही. मळमळीवर इलाज केल्याने बाळाचं काही बिघडत नाही. आणि नसली मळमळ तरी काही बिघडलेलं नसतं. बी-६ जीवनसत्त्व हा पहिल्या पायरीचा उपाय आहे, प्रमाण तुमच्या डॉक्टरांकडून घ्या. २०२३ मध्ये 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात आलेल्या संशोधनात जीडीएफ-१५ या संप्रेरकाचा धागा सापडला. ते गर्भाकडून आईच्या रक्तात येतं, आणि गरोदरपणाआधी ज्यांच्या शरीरात ते कमी असतं त्यांना जास्त त्रास होतो. म्हणजे "मनाचे खेळ आहेत" म्हणणाऱ्यांना आता तोंड बंद ठेवता येईल. वजन पाच टक्क्यांहून जास्त घटलं, लघवी गडद आणि कमी होऊ लागली, पाणीही ठरेना, तर बिस्किटं बाजूला ठेवायची आणि दवाखाना गाठायचा.

पहिलटकरीण
सासूबाईंना हा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. आभार!

खिडकीवाला
आमची मळमळ वेगळी. गाडी लागते. लहानपणापासून खिडकी माझी, हे घरात कुणी न सांगता ठरलेलं. नाव उगीच घेतलेलं नाही.

अनुभवाचे बोल: पुढच्या सीटवर बसा, लांब क्षितिजाकडे बघा, फोन खिशात. मागे बसून पुस्तक वाचणं म्हणजे आमंत्रण. उपाशी निघू नका आणि पोटभर खाऊनही निघू नका. आणि स्वतः गाडी चालवायला घेतली की मला कधीच होत नाही, हे कसं काय?

अनामवैद्य
कारण चालवणाऱ्याला वळण कधी येणार हे आधीच माहीत असतं. अंतर्कर्णातला द्रव सांगतो "आपण हलतोय", पुस्तकावरचे डोळे सांगतात "आपण स्थिर आहोत", आणि मेंदूला हा विसंवाद झेपत नाही. ज्यांचा अंतर्कर्णातला तोलाचा अवयव दोन्ही बाजूंना निकामी आहे त्यांना गाडी लागत नाही, यावरून काय ते समजा.

हेच जरा पुढे नेतो, कारण या धाग्यावर चार वेगवेगळ्या मळमळी एकाच टोपलीत चालल्यात. मेंदूतल्या उलटीच्या केंद्राकडे जायला चार वाटा आहेत. एक पोट-आतड्यातून नसांमार्फत: खराब अन्न, संसर्ग, जळजळ. दुसरी रक्तातून: मेंदूच्या तळाशी एक भाग असा आहे जिथे रक्त आणि मेंदू यांच्यातला नेहमीचा बांध नसतो, तो रक्तातली विषं आणि औषधं हुंगतो. तिसरी अंतर्कर्णातून. चौथी खुद्द मेंदूतून: वास, भीती, नुसती आठवण. ऑन्डॅनसेट्रॉन पहिल्या दोन वाटांवर उत्तम, पण गाडी लागण्यावर त्याचा जवळपास उपयोग नाही. तिथे अंतर्कर्णाशी संबंधित जुनी, झोप आणणारी औषधं चालतात. घरगुती उपायांचंही तसंच. शेजारणीला लिंबाने बरं वाटलं म्हणून तुम्हाला वाटेलच असं नाही, तिची वाट वेगळी असू शकते.

उंदीरमामा
डार्विनला 'बीगल' जहाजावर समुद्र लागायचा. १८३१ ते १८३६, जवळपास पाच वर्षांची सफर, आणि गडी शेवटपर्यंत सरावला नाही. पोटात ठरायचं ते फक्त बेदाणे, असं त्याने वडिलांना कळवलं होतं. नेल्सन तर नौसेनापती, त्यालाही लागायचा. खिडकीवाले, तुम्ही मोठ्या लोकांत आहात.

रातराणी
मनगटाला बांधायचे ते पट्टे कुणी वापरलेत का? मध्ये प्लास्टिकचं बटण असतं ते.

अनामवैद्य
ते ॲक्युप्रेशरच्या 'नेइग्वान' बिंदूसाठी, पी-६ असंही म्हणतात. पट्टा नसला तरी चालतं. तळहात वर करा. मनगटाच्या घडीवर दुसऱ्या हाताची तीन बोटं आडवी ठेवा, कोपराच्या बाजूला. तिसरं बोट संपतं तिथे, मधोमध, मूठ वळल्यावर ज्या दोन दोऱ्या ताणलेल्या दिसतात त्यांच्या मधल्या खळगीत अंगठ्याने दाबा. दुखेल इतकं नाही. दोनतीन मिनिटं, मग दुसरा हात. शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीवर याचा उपयोग बऱ्याच चाचण्यांत दिसलाय, खोट्या बिंदूशी तुलना करूनही. मला स्वतःला हे वाचून नवल वाटलं होतं. गाडी लागण्यावर मात्र निकाल उलटसुलट आहेत. तोटा काही नाही, खर्चही नाही.

रातराणी
आत्ता बसल्या बसल्या दाबून बघितलं. मळमळ नव्हतीच, त्यामुळे गेली का ते सांगता येत नाही.

मी उलटी झाल्यानंतरचं लिहिते, ते कुणीच लिहिलं नाहीये. माझ्या दातांच्या डॉक्टरांनी सांगितलेलं: लगेच दात घासायचे नाहीत. पोटातल्या आम्लाने दातांचं वरचं आवरण मऊ पडलेलं असतं, त्यावर ब्रश फिरवला की ते झिजतं. आधी नुसत्या पाण्याने, जमल्यास चिमूटभर खायचा सोडा घातलेल्या पाण्याने खळखळून चूळ, आणि ब्रश अर्ध्या तासाने.

आणि पाणी गटागटा नाही. मुलीला उलट्या लागल्या होत्या तेव्हा मी तिच्या शेजारी वाटी-चमचा घेऊन बसले होते. दर एकदोन मिनिटांनी एक चमचा, बास. ती म्हणायची "अजून दे", मी नाही म्हणायचे, ती चिडायची. पण भांडं भरून दिलं असतं तर सगळं परत बाहेर आलं असतं. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाचा छोटा चमचा.

अनामवैद्य
प्रमाण बरोबर. फक्त "सपाट" या शब्दावर बोट ठेवतो. मीठ शिगोशिग घातलं तर लहान मुलाला ते घातक ठरू शकतं. मिळत असेल तर जलसंजीवनीचं तयार पाकीटच वापरा.

आणि हे धाग्यात असू दे: उलटीत रक्त किंवा कॉफीच्या गाळासारखं काही, हिरवी उलटी, छातीत दुखणं, मान आखडून तीव्र डोकेदुखी, डोक्याला मार लागल्यानंतरच्या उलट्या, दिवसभर पाणीही न ठरणं, मधुमेह असताना सतत उलट्या, तान्हं बाळ मलूल पडणं. यांत घरगुती काही करत बसू नका. ॲसिड किंवा रॉकेल पोटात गेलं असेल तर घशात बोटं घालून उलटी काढायचीच नाही. वर येताना ते पुन्हा भाजतं किंवा फुप्फुसात जातं.

चष्मिष्ट
मळमळत असताना आवडीचा पदार्थ खाऊ नका, आयुष्यभर नावडता होतो. १९५० च्या दशकात जॉन गार्सिया यांनी उंदरांना गोड पाणी पाजून किरणोत्सर्गाने आजारी पाडलं. नंतर उंदीर गोड पाण्याला तोंड लावेनात. एकदाच झालं तरी पुरतं, आणि खाणं नि मळमळणं यांत काही तास गेले तरी मेंदू दोष खाण्यालाच देतो. पुढे केमोथेरपी घेणाऱ्या मुलांच्या बाबतीत आइस्क्रीमवरही तेच दिसलं.

तिरकस
म्हणजे कारलं खायचं मळमळताना. एक दगड, दोन पक्षी.

मावशीआत्या
मामा, तुमच्या जातभाईंवर फारच अत्याचार चाललेत धाग्यात.

प्रयोगशील
मूळ प्रश्नाकडे. निशिगंध, तुम्ही म्हणता उठल्यावर तासाभराने, आणि दुपारपर्यंत आपोआप थांबतं. अनामवैद्य म्हणतात त्या चार वाटा धरल्या तर एक साधा प्रश्न: सकाळी उठल्याउठल्या पोटात काय जातं? गोळी, पावडर, काढा, काहीही.

निशिगंध
काही विशेष नाही. कोमट पाणी. आणि हो, झिंकची गोळी. केस गळतायत म्हणून मध्यंतरी सुरू केली. उपाशीपोटी जास्त चांगली लागू पडते असं कुठेतरी वाचलं होतं.

प्रयोगशील
:)

अनामवैद्य
उपाशीपोटी झिंकने मळमळणं अगदी नेहमीचं आहे. लोहाच्या गोळ्याही तशाच. डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक, मधुमेहावरची मेटफॉर्मिन यांनीही अनेकांना होतं. "औषधं कोणती चालू आहेत" विचारलं की लोक जीवनसत्त्वांच्या गोळ्या सांगतच नाहीत, कारण त्या औषध वाटत नाहीत. जेवणानंतर घेऊन बघा. शोषण थोडं कमी होतं, होऊ दे. आणि तुम्हाला झिंकची मुळात गरज आहे का हेही विचारून घ्या, जास्त दिवस जास्त झिंक घेतलं तर शरीरातलं तांबं कमी होतं. डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी असेल तर मनाने बंद करू नका. हे बाकीच्यांसाठीही.

तिरकस
सहासात वैद्य, दोन डझन उंदीर आणि एक डार्विन खर्ची पडल्यावर निदान झालं.

निशिगंध
(काही दिवसांनी) झिंक डॉक्टरांना विचारून बंद केलं. खूपच फरक आहे. पूर्ण गेलंय असं नाही, एखाद्या सकाळी अजून ढवळतं, विशेषतः रात्री उशिरा जेवण झालं की. त्या दिवशी पहिलटकरीण यांची कोरडी बिस्किटं आणि मावशीआत्यांची लिंबाची साल. सालीचा उपयोग होतो. का होतो ते विचारू नका.

मावशीआत्या
विचारत नाही. केसांचं काय मग?

निशिगंध
त्याचा वेगळा धागा काढते.

खिडकीवाला
जाता जाता एक. पुढच्या आठवड्यात बहिणीच्या पाच वर्षांच्या मुलाला घेऊन घाटरस्त्याने लांबचा बसप्रवास आहे. त्यालाही माझ्यासारखंच लागतं. खिडकी एकच मिळालीय.

अनामवैद्य
खिडकी त्याला द्या. दोन ते बारा या वयात त्रास सगळ्यात जास्त असतो, मोठेपणी बऱ्याच जणांचा कमी होतो (तुमचा नाही झाला, त्याला इलाज नाही). त्याला उंच बसवा, म्हणजे बाहेरचं दिसेल. हातात चित्रांचं पुस्तक किंवा फोन नको, गोष्ट सांगा, गाणी म्हणा. दर दोन मिनिटांनी "मळमळतंय का?" असं विचारू नका. विचारूनच होतं. गोळी द्यायची असेल तर वयानुसार प्रमाण डॉक्टरांकडून घ्या आणि निघायच्या आधी द्या, सुरू झाल्यावर देऊन उपयोग नाही.

तिरकस
आणि पिशव्या न्या, दोन, एकात एक घालून. निघायच्या आधी तोंड आवळून फुगवून बघा. भोक असलं तर तेव्हाच कळलेलं बरं.